सात हजार एकशे चाळीस

पौर्णिमाचा निरोप आला तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते आणि रागिणीने त्या दिवशी तोंडातून अजून एक शब्दही काढला नव्हता. हे तिला कळलं तेही निरोप वाचून ती 'अगं बाई' म्हणाली तेव्हाच. आवाज आधी फुटेचना. दिवसभर बंद असलेल्या नळातून पहिल्यांदा नुसती हवा यावी तसं काहीतरी निघालं आणि मग 'बाई' तेवढं स्वच्छ आलं. तिला स्वतःचीच गंमत वाटली आणि लगेच ती ओसरलीही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो, पैसे मोबाइलवरून जातात, किराणा बोट दाखवून मिळतो. बोलायची गरज पडावी असं अमरावतीत तिने काही ठेवलंच नव्हतं. निरोपात पौर्णिमाने लिहिलं होतं, 'तुझ्या पानावरचा नमुन्याचा आकडा एजंटने खरा भाव म्हणून सांगितला. ७१४०. चाचणीतच सापडलं म्हणून बरं. उद्या दुपारपर्यंत बदलशील?' आणि खाली हसरा चेहरा. पौर्णिमा तिची पुण्यातली वरिष्ठ. पुण्याची माणसं वैतागली की हसरा चेहरा लावतात, एवढं शिक्षण रागिणीचं इतक्या वर्षांत झालं होतं.

आपण काय काम करतो हे सांगायला गेलं की ऐकणाऱ्याचे डोळे दुसऱ्याच वाक्याला भिंतीवरच्या घड्याळाकडे वळतात, म्हणून तिने सांगणं सोडून दिलं होतं. कॉम्प्युटरवर लिहिते म्हटलं की भागायचं. खरं तर ती लिहायची ते मोठं गमतीचं होतं. बिटकॉइनसारख्या आभासी चलनांचा बाजार जगात कुठे ना कुठे अष्टौप्रहर चालू असतो. त्यातले भाव, चढउतार, उलाढाल विचारता यावी म्हणून तिच्या कंपनीने टूल्स बनवली होती, आणि ती टूल्स वापरणार होते एजंट, म्हणजे माणसाच्या वतीने प्रश्न घेऊन हिंडणारे प्रोग्राम. हे टूल काय करतं, कधी बोलवायचं, कधी मुळीच बोलवायचं नाही, काय उत्तर देतं आणि उत्तर नसेल तेव्हा काय म्हणतं, हे प्रत्येक टूलसाठी एका पानावर लिहून ठेवायचं. एजंट ते पान वाचतो आणि वागतो. पूर्वी हीच पानं माणसं वाचायची. ब्राझीलमधल्या कोणा माणसाने एकदा तिला पत्र लिहिलं होतं, की बाई, तुमचं पान वाचून माझं तीन दिवसांचं अडलेलं काम सुटलं, तुमच्या गावात आत्ता किती वाजलेत? ते पत्र तिने जपून ठेवलं होतं. दिवाळीनंतर कंपनीने ठरवलं, की पानं आता फक्त एजंटांसाठी लिहायची. प्रस्तावना नको, 'कृपया' नको, उदाहरणातला विनोद तर नकोच. तेव्हापासून पानाच्या कडेला वाचकांचा आकडा दिसायचा. एजंट, अकरा हजार चारशे. माणसं, शून्य. अकरा हजार वेळा कोणी आपलं लिहिलेलं मन लावून वाचतं आणि त्यातल्या एकालाही आपल्या गावात किती वाजलेत याचं काही पडलेलं नाही, हे तिला पहिले काही दिवस टोचलं. मग सवय झाली. सवय होते, हेच तिला हल्ली जरा भीतीचं वाटायचं.

चूक तिचीच होती. नमुन्याचा आकडा नमुन्यासारखा दिसला पाहिजे, खरा वाटता कामा नये, हा नियम तिनेच कधीतरी नव्या मुलींना शिकवला होता. पण उदाहरणासाठी तिला तीन खोटी नाणी आणि तीन खोटे भाव हवे होते आणि त्या वेळी तिच्या कानात तीन आकडे ताजे होते. ७१४०, ४२९५, ५५१०. तूर, सोयाबीन, हरभरा. अकोल्याच्या बाजार समितीच्या यार्डातले. तिने ते तसेच टाकले आणि मनाशी हसली. त्या तीन नाण्यांमागे तूर आणि सोयाबीन आहे हे साऱ्या पृथ्वीवर एकट्या तिला ठाऊक होतं, आणि दिवाळीनंतर तिने केलेला तो एकमेव विनोद होता. आता त्या विनोदाने नांगी उगारली होती. एजंटला खरा भाव मिळाला नाही, तेव्हा त्याने पानावरचा आकडा उचलला आणि अकोल्याची तूर एका नाण्याच्या नावाने खपवून मोकळा झाला.

पौर्णिमाने दुसरंही एक काम सांगितलं होतं. एखादा बाजार दुरुस्तीसाठी बंद पडला तर टूल शेवटचाच भाव पुन्हा पुन्हा हातात ठेवतं आणि एजंट तो ताजा समजून चालतो. त्यावर काहीतरी लिही. रागिणीने खुर्ची पुढे ओढली. असं काही लिहायला लागलं की तिचं मन थाऱ्यावर यायचं. तिने लिहिलं: भावाबरोबर वेळही पाहा. भाव तोच असेल आणि वेळ पुढे सरकली नसेल, तर तो भाव शिळा आहे. तो आजचा म्हणून स्वीकारू नका. पुन्हा विचारा. वाक्य तिने दोनदा वाचलं. त्यात काढण्यासारखं काही नव्हतं, घालण्यासारखंही नव्हतं. खिडकीतून कठोरा नाक्याकडच्या रस्त्यावरची धूळ दिसत होती, फेब्रुवारीचं ऊन आत्ताच डोळ्यांत खुपायला लागलं होतं, आणि सव्वापाच वाजता फोन वाजला. तो सव्वापाचलाच वाजायचा.

"रागिणी? तूर सात हजार एकशे चाळीस. सोयाबीन चार हजार दोनशे पंच्याण्णव. हरबरा पाच हजार पाचशे दहा. ठेवतो."

"हं," रागिणी म्हणाली, आणि फोन ठेवून तिने पानावरचा ७१४० खोडायला बोट उचललं.

बोट तसंच राहिलं. पडद्यावर ७१४०, खाली ४२९५, त्याखाली ५५१०. कानात अजून बाबांचा आवाज होता आणि डोळ्यांसमोर तेच आकडे होते, एका रुपयाचाही फरक नाही. तिला आधी वाटलं, मीच आज ऐकून लिहिलं. मग आठवलं, की आज तर खोडायचं काम आहे. तिने पानाचा इतिहास उघडला. हे आकडे घातले होते एकोणतीस जानेवारीला. आज फेब्रुवारीची दहा तारीख. बाजारात तूर बारा दिवस एकाच भावावर बसून राहत नाही, हे यार्डातल्या माणसाच्या मुलीला कोणी सांगायला नको. तरी तिने भावांचं संकेतस्थळ उघडून पाहिलं. अकोला, तूर, आज, सहा हजार नऊशे पंच्याऐंशी. काल सात हजार वीस. तिने एक एक दिवस मागे जाऊन पाहिलं आणि सात हजार एकशे चाळीस तिला सापडला तो वीस जानेवारीला.  बाबांच्या डोक्यात वीस जानेवारी अडकून बसली होती आणि रोज संध्याकाळी ते तिला तीच वाचून दाखवत होते.

बाबा, म्हणजे खुशालराव, निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं यार्डात भाव लिहायचे. लिलाव संपला की मोठ्या काळ्या फळ्यावर खडूने कमीत कमी, जास्तीत जास्त, आवक. खाली माना वर करून उभी असलेली माणसं फळ्याकडे पाहायची, लिहिणाऱ्याकडे कोणी पाहत नसे, आणि हेच बरोबर आहे असं त्यांचं मत होतं. एखादा आकडा पुसट झाला तर ते सगळी ओळ पुसून पुन्हा लिहीत. रागिणी सातवीत असताना एकदा ते जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि उठले. आई म्हणाली, काय झालं? तर म्हणे, फळ्यावरचा एक नऊसारखा दिसत असेल. तसेच खरकट्या हाताने सायकल काढून गेले आणि अर्ध्या तासाने येऊन गार भात खाल्ला. त्या माणसाच्या तोंडून वीस दिवसांपूर्वीचा भाव आजचा म्हणून येत होता. म्हातारपणी माणसं नावं विसरतात, चष्मा विसरतात, गॅस चालू ठेवतात. बाबांची सुरुवात भावापासून झाली, आणि ती रोज फोनवर 'हं' म्हणत होती. या 'हं'वर तिचं मन जरा थबकलं, पण तिने ते तिथे थांबू दिलं नाही. परत फोन करावा असं तिला दोनदा वाटलं आणि दोन्हीदा तिने मोबाइल पालथा ठेवला. पुन्हा सात हजार एकशे चाळीसच आलं तर काय करायचं, हे तिला सुचेना.

सकाळी तिने पौर्णिमाला पान नीट करून पाठवलं. तिन्ही आकडे काढून शून्यं टाकली, शिळ्या भावाचं वाक्य घातलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रिक्षा करून बडनेऱ्याच्या स्टेशनवर आली. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. शेतांतली तूर निघून गेली होती, काळ्या जमिनीत नुसते बुडखे उरले होते, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत तिने बाहेर पाहिलं असेल तर तेवढंच. आई गेली तीन वर्षांपूर्वी. त्या आधी दोन वर्षं रागिणी पुणं सोडून इकडे आली होती, घरून काम करायची सोय झाली म्हणून, आणि सगळ्यांना वाटलं ती अकोल्याला जाईल. ती अमरावतीत राहिली. इथे शिकले, इथलं पाणी मानवतं, अकोल्यात मेलं ऊन फार, असं सांगत राहिली. खरी गोष्ट अशी, की अकोल्याच्या घरात बाबा आणि ती दोघंच एका खोलीत बसली की भिंतीवरच्या पालीलाही अवघडल्यासारखं व्हावं इतकी शांतता पसरे. आई होती तोवर ती मधे होती. आता अमरावती बरी होती. हवं तेव्हा जाता येईल इतकी जवळ आणि जायलाच पाहिजे असं नाही इतकी लांब. पुण्याला जाण्याआधी तिचं लग्न मोडलं तेव्हाही बाबांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं. नागपूरहून सामान घेऊन ती आली, तेव्हा त्यांनी फक्त खोके मोजून घरात घेतले.

आणि आई रोज जेवताना भाव ऐकायची. बाबा ताटावर बसले की पहिला घास घ्यायच्या आधी सांगायचे, तूर इतकी, हरभरा इतका, आणि आई भाकरी उलटता उलटता विचारायची, "काहून उतरली जी?" मग बाबा सांगायचे. आवक वाढली, मेहकराकडून गाड्या येऊन राहिल्या, दाल मिलवाल्यांनी हात आखडला, कोणता व्यापारी आज आलाच नाही. बाबा इतकं बोलतात हे बाहेर कोणाला सांगून पटलं नसतं. आईच्या चौदाव्या दिवशी सगळे पाहुणे गेल्यावर रागिणीही अमरावतीला परतली, आणि संध्याकाळी सव्वापाचला पहिल्यांदा तो फोन आला. तूर, सोयाबीन, हरभरा, ठेवतो. तिला तेव्हा रडू आलं होतं. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशीही. पुढे ती त्या वेळी कपडे वाळत घालू लागली, चहा टाकू लागली, खांद्यावर मोबाइल धरून लिहू लागली. रविवारी बाजार बंद असला की फोन येत नसे, आणि रविवार संपता संपत नसे. पण हे तिने कधी त्यांना सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? बाबा, तुमच्याशी बोलले नाही तर त्या दिवशी मी कोणाशीच बोललेली नसते? अशी वाक्यं त्या घरात कोणी कोणाला म्हणत नसे. आणि आता तो एकमेव आवाजही आतून विझत चालला होता. गाडी बोरगावला उगाच दहा मिनिटं थांबली, तेव्हा तिने ठरवलं, की त्यांना घेऊनच जायचं. अमरावतीत चांगले डॉक्टर आहेत. पुढची खोली त्यांना देता येईल.

अकोल्याला उतरून घराच्या गल्लीच्या तोंडाशी ती पोचली, तेव्हा साडेतीन झाले होते. तिथे कडुनिंबाखाली माणिकबाई बसायची, स्वतःच्या मळ्यातली वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पोत्यावर मांडून. तिने रागिणीला लांबूनच ओळखलं.

"आली का वं पोरी? लय दिसानं आली."

"बाबा बरे हायेत ना, मावशी?" अकोल्यात पाय ठेवला की रागिणीची जीभ आपोआप वळायची.

"बरे नाही त काय! आत्ता सायकलवर आले यार्डातून. त्याईले काय झालं?" माणिकबाईने कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं. "फळा पाहून मीनं बी हरबऱ्याचा भाव घेतला. माह्या भावाचा हाय ना घरात पडेल, उद्या नेतो मने."

"कोणता फळा?"

"आँ! तुले नाही माईत? दोन वर्सं झाली त्याले."

फाटकाच्या आतल्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असा, हातभर रुंदीचा काळा फळा होता. मागच्या दोन्ही दिवाळ्यांना रागिणी या घरी आली होती. तेव्हा तिथे पणत्या होत्या, बाजार बंद होता, आणि फळा असलाच तर तिने पाहिला नव्हता. बाबांचं अक्षर तिने लगेच ओळखलं. वर तारीख, ११ फेब्रुवारी. तूर ६९६०. सोयाबीन ४३३०. हरभरा ५४७५. तारखेतल्या प्रत्येक एकाची शेपटी अशी ओढलेली, की कोणी तो नऊ वाचू नये. फाटकाच्या गजाला हात धरून ती उभी राहिली. तारीख आजची होती. भाव आजचे होते. बाबांच्या डोक्यात काही अडकलं नव्हतं. दूधवाला, पोस्टमन, माणिकबाई, गल्लीतून जाणारं कोणीही फुकटात आजचा भाव घेऊन जात होतं, आणि शिळा भाव फक्त तिला मिळत होता. आधी तिला हायसं वाटलं. आणि मग त्या हायसं वाटण्याखालून दुसरंच काहीतरी वर यायला लागलं.

बाबा ओसरीत होते. "आली?" एवढंच म्हणाले. तिला चहा विचारला नाही, आत जाऊन टाकला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मोबाइल नेहमीच्या जागी होता, कॅलेंडरखालच्या फळीवर, चार्जरला लावलेला. दोरी आखूड, म्हणून ते तिथे उभ्यानेच बोलायचे. कॅलेंडरमागे कागदाच्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. बाबा यार्डात चिठ्ठीवर भाव टिपून आणायचे, ही जुनी सवय. सगळ्यांत वरची चिठ्ठी घड्यांवर झिजलेली होती. तिने ती न काढताच वाचली. सात हजार एकशे चाळीस.

"बाबा, आज तूर सहा हजार नऊशे साठ हाय ना?"

"फळ्यावर लिवलं हाय."

"मंग मले रोज सात हजार एकशे चाळीस कावून सांगतलं?"

बाबांनी चहा गाळला. गाळणी दोनदा झटकली. तिच्याकडे न पाहता बोलले, आणि आवाजात राग मुळीच नव्हता. "पयल्या दिवशी चूक झाली माह्याकडून. आदल्या दिवसाची चिठ्ठी खिशात राहून गेली, थेच वाचली. फोन ठेवल्यावर समजलं. मनलं, आता पोरगी फोन करन, मनन, बाबा, हे त कालचं हाय. तू नाही केला. दुसऱ्या दिवशी मनलं, पाहू. पुन्हा थेच वाचलं. तू हं मनली."

"मंग?"

"मंग काय. रोज हं मनली."

"किती दिवस?"

"सतरा. रविवार अन् सव्वीस जानेवारी सोडून."

त्यांनी तिच्या हातात कप दिला. सतरा हा आकडा त्यांनी फळ्यावरच्या आकड्यासारखाच सांगितला, कमी नाही, जास्त नाही. रागिणीच्या तोंडाशी आलं, की मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, पण तुम्हाला कसं विचारावं म्हणून थांबले. हे खोटं सहज खपलं असतं. कप गरम होता. तिने तो दोन्ही हातांत धरला. "मले परवा समजलं," ती म्हणाली, आणि तेही खरं नव्हतं म्हणून पुन्हा म्हणाली, "काल. काल संध्याकाळी." समजलं तेही ऐकून नाही, पडद्यावर वाचून, हे मात्र तिला सांगवेना. सतरा दिवस तिने त्यांचा आवाज ऐकला होता आणि त्यांतल्या एका दिवशी तर ते आकडे स्वतःच्या बोटांनी लिहून काढले होते. कानांतून बोटांत गेले, मधे कोणी घरी नव्हतं. तिला लाज वाटली. लहानपणी खोटं पकडलं गेल्यावर वाटायची तशी, कानशिलं गरम करणारी लाज.

"तुही माय पाच रुपयाचा फरक पडला तरी इचारे," बाबा म्हणाले. मग आपण जास्त बोललो असं वाटून त्यांनी पातेलं नळाखाली धरलं. "साडेपाचची गाडी हाय तुले बडनेऱ्याची. जाय. तुह्यं काम रायते."

"मी आज रायतो ना."

"काहून? मी बेमार नाही." पातेलं पालथं घालून त्यांनी हात पुसले. "अन् आता रोज फोन नाही करत. तुले बी आडकाठी, मले बी. काई असलं त करीन."

ती राहिली असती. हट्ट केला असता तर त्यांनी नाही म्हटलं नसतं. पण ती सवयीने हं म्हणाली, आणि म्हणून बसली तेव्हा तिचं तिलाच ऐकू आलं. बाबांनी पिशवीत माणिकबाईची वांगी भरून दिली, फाटकापर्यंत आले, आणि ती वळली तेव्हा फळ्यावरच्या कुठल्याशा आकड्याची कड बोटाने नीट करत होते.

परतीच्या गाडीत तिला आईचं एक वाक्य आठवलं. बारावीच्या अभ्यासाच्या दिवसांत रागिणी एकदा चिडली होती, की रोज काय हे तूर आणि हरभरा, आपल्याला ना शेत ना दुकान, "तुले काय करायची हाय वं तूर?" आणि आई तव्यावरची भाकरी हाताने दाबत म्हणाली होती, "मले काई नाही करायची. त्याईले सांगायचं असते ना." तेव्हा ते तिला आईचं भोळेपण वाटलं होतं. तीन वर्षं तिची समजूत होती, की बाबा रोज भाव सांगतात. ते भाव सांगून थांबत होते, ठेवतो म्हणण्याआधी एक श्वासभर थांबत होते, आणि हे थांबणं आत्ता डब्यात बसून तिला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमाने पान मंजूर केलं. 'शिळ्या भावाचं वाक्य फार छान! आता एजंट लगेच ओळखतो,' तिने लिहिलं होतं. या वेळचा हसरा चेहरा खरा असावा. रागिणीने दुपारभर पुढचं पान लिहायला घेतलं आणि पाच वाजल्यापासून एक ओळही लिहिली नाही. सव्वापाच झाले. मोबाइल सुलटा ठेवला होता, आवाज मोठा केला होता. पाच वीस. खाली कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकून वाजत राहिला आणि थांबला. पाच पंचवीसला तिने पाणी पिऊन घेतलं. वांगी ओट्यावर तशीच होती. साडेपाच झाले तेव्हा तिला कळलं, की बाबा बोलले ते खरं करणार. अख्ख्या आयुष्यात त्यांनी लिहिलेला आकडा फिरवलेला नव्हता. आणि हेही कळलं, की तीन वर्षांत रोज फोन आला, पण भाव विचारायला म्हणून तिने स्वतः एकदाही केला नव्हता. तिने अकोल्याचा नंबर शोधून लावला. तिकडे घंटी वाजत राहिली, इतकी, की ती मनात चिठ्ठ्या, फळी आणि आखूड दोरी सगळं पाहून आली.

"हं," बाबा म्हणाले.

"बाबा, मी रागिणी. आज तूर काय भाव गेली?"

 पलीकडून घसा साफ केल्याचा आवाज आला. "काहून? इकून राहिली का तूर?"

"नाही. इचारून राहिली."

"सहा हजार नऊशे दहा," बाबा म्हणाले. आणि सवयीने पुढे, "सोयाबीन चार हजार तीनशे..."

"थांबा ना. तूर पन्नासनं उतरली. काहून उतरली?"

बाबा थांबले.  खिडकीत ऊन होतं, रस्त्यावर धूळ होती, आणि ती कानाला मोबाइल दाबून उभी होती. मग अकोल्याहून, त्या स्वयंपाकघरातून, फळीवर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, चार्जरची पिन निघाल्याचा बारीक टक्क आवाज आला, आणि बाबा म्हणाले, "थांब. खुर्ची घेतो."

रागिणीला ओसरीतली लोखंडी खुर्ची फरशीवरून ओढत आणल्याचं ऐकू आलं.